उत्तरेकडचा बांध

प्रिय दिन्या,

तळ्याच्या उत्तरेकडच्या बांधात दिवड, आपला तो पाणसाप, अंड्यांवर बसलीय. गावात ज्याला ज्याला हे सांगितलं, त्यानं "मग मारली का नाही?" एवढंच विचारलं. म्हणून तुला लिहायला बसलोय. फोनवर तू गाडी चालवता चालवता नुसता "हं, हं" करतोस आणि हे तेवढ्यावर भागणारं प्रकरण नाही.

तब्येत बरी. शुगर आटोक्यात, आईचा गुडघा तसाच.

तर पंचायतीनं तळ्याचं सुशोभीकरण काढलंय. गाळ काढायचा, चारी बाजूंनी दगडी पिचिंग करून सांधे सिमेंटनं भरायचे, वर पेव्हर ब्लॉक, बाकडी, दिवे. गाळ निघायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मागच्या आठवड्यात जेसीबी उत्तरेचा बांध खरवडायला लागला आणि जांभळीच्या जरा पुढं, धुण्याच्या दगडापाशी, मातीचा मोठा ढपला सुटला. आत पोकळी. ऑपरेटर पोरगा उडी मारून लांब पळाला आणि "नाग, नाग" म्हणून ओरडला. मी शाळेतून येत होतो. पोचलो तेव्हा माणसं काठ्या-खोरी घेऊन जमली होती.

तिनं ते नेहमीचं सोंग घेतलेलं. मान चपटी केलेली, पुढचं अंग उचललेलं, फुत्कारत होती, जो पुढं येईल त्याच्यावर झेप. लोक इथंच फसतात आणि नाग समजून दिवड मारतात. मी बाजूनं वाकून पाहिलं. डोळ्याखालून ओठापर्यंत उतरलेली एक तिरकी काळी रेघ, दुसरी डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्याकडं गेलेली. पिवळट अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. नाकपुड्या किंचित वर वळलेल्या, पाण्यात नुसतं नाकाडं बाहेर काढून श्वास घेता यावा अशा. चार फुटांच्या आसपास असावी. ह्या जातीत माद्या नरांपेक्षा थोराड असतात, ही तर चांगलीच जाडजूड. आणि तिच्या वेटोळ्याखाली अंडी, पांढरी, मऊ कातडी कवचाची. ती हलली की दोनचार दिसायची, पुन्हा झाकली जायची.

बबनअण्णानं काठी उगारलीच होती. मी म्हटलं, अण्णा, बिनविषारी आहे. तर म्हणतो, "मास्तर, चावली की कळंल." चावते तर चावते. तुझ्या डाव्या अंगठ्याला विचार. सहावीत तू तिला खेकड्याच्या बिळातून ओढायला गेलास, रक्त थांबेना, आणि तुला देवळात आडवा घालून लिंबाचा पाला चारला. गुरव तुला "कडू लागतंय का?" विचारत होता आणि तू भीतीनं "गोड लागतंय" म्हणालास. त्यावर तुझ्या आईनं फोडलेला हंबरडा खालच्या आळीपर्यंत गेला होता. संध्याकाळी भाकरी खाऊन तू पुन्हा तळ्यावर!

आणि हो, शेपटी तूच तोडलीस. किती वर्षं माझ्यावर ढकलतोयस. शेपटीला धरलं की ती अंगाला पीळ देते आणि शेपटीचा तुकडा हातात ठेवून निसटते. पालीची पुन्हा उगवते, हिची उगवत नाही, जन्मभर ती तशीच बांडी राहते. तुकडा तुझ्या मुठीत होता आणि तो घाण वासही तुझ्याच हाताला होता, दोन दिवस पंक्तीत तुझ्याशेजारी कुणी बसलं नाही. माझा हात स्वच्छ होता. विषय संपला.

आता खरी काळजी ऐक.

वनरक्षक येऊन बघून गेला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ह्या सापाला संरक्षण आहे, त्यामुळं पिल्लं बाहेर पडेपर्यंत तेवढ्या पट्ट्यात काम थांबवा, असं त्यानं सांगितलं. ऑपरेटर पोरगाही समजूतदार निघाला, त्यानं स्वतः ढपला अलगद परत लावला, वर झावळ्या टाकल्या. कुणीतरी म्हणालं, अंडी उचलून घमेल्यात घालून ओढ्याला नेऊन ठेवा. मी नको म्हटलं. सापाचं अंडं एकदा बसलं की ते पालथं करायचं नसतं, आतला जीव दगावू शकतो. शिवाय त्या बिळातली ओल आणि ऊब घमेल्यात कुठून आणणार? साधारण दोन महिने लागतात फुटायला. म्हणजे वळवाच्या आसपास पिल्लं निघतील, वीतभराचीही नसतील, आणि मिरगात तळ्याकाठी बेडूकमासे वळवळायला लागले की त्यांना खायला मिळेल. हा हिशेब बसलेला असतो, दिन्या. थंडीत जुळणी, उन्हाळ्याच्या तोंडाला अंडी, पावसाला पिल्लं. एका खेपेला तीस ते सत्तर अंडी घालते ती. इतकी घालते कारण उरतात फार थोडी. खंड्या, बगळे, घारी, मुंगूस, मोठे मासे, सगळ्यांना ही पिल्लं चालतात.

ही खेप निभावेल असं वाटतं. मला झोप लागत नाही ती पुढच्या वर्षाच्या विचारानं.

पंचायतीला तळं म्हणजे पाणी दिसतं. दिवडीला नुसतं पाणी पुरत नाही. खाडीतला श्वानमुखी साप थेट पिल्लंच घालतो, त्याला काठाशी देणंघेणं नाही. ही अंडी घालणारी. आयुष्य पाण्यात, पण माती नसेल तर वंश थांबला. बांधातली खेकड्यांची बिळं, उंदरांची बिळं, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या, वारूळ, ह्यांतच ती अंडी घालते आणि तिथंच त्यांच्यापाशी थांबते. उद्या चारी बाजूंनी सिमेंट झालं तर म्हाताऱ्या दिवडी पाण्यात दिसत राहतील आणि लोक मला दाखवतील, "बघा मास्तर, आहेत की साप!" काही वर्षांनी त्याही दिसणार नाहीत आणि तेव्हा कुणाला बांध आठवणारही नाही.

उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा भोई नायलॉनची जाळी लावतात, त्यात अडकून बुडणाऱ्या वेगळ्याच. तिला श्वासाला वर यावं लागतं, जाळं येऊ देत नाही. मागं दोन सोडवल्या. तिसरी मेलेली निघाली, घशात मासा अर्धा गिळलेला, डोक्याकडून.

तुझी सई मागं विचारत होती ना, ह्याचं शास्त्रीय नाव काय? फावलिया पिस्केटर म्हणून सांग. 1799 साली श्नायडर नावाच्या जर्मन पंडितानं ह्या जातीला नाव दिलं, तेही रसेल ह्या इंग्रजांच्या डॉक्टरानं आपल्याकडच्या सापांवर केलेल्या ग्रंथावरून. नंतर त्यातलं पहिलं, प्रजातीचं (जीनसचं) नाव बदलत बदलत इथवर आलं, तिच्या जुन्या पुस्तकात झेनोक्रोफिस असेल. आणि हेही सांग की ह्यांच्या कातडीचे पट्टे आणि पर्सा परदेशात विकल्या जायच्या. 1976 साली निर्यातबंदी आली म्हणून ते आटोक्यात आलं. त्यातून वाचलेली जात आता बाकड्यांपायी जायला नको.

सईची दहावी कशी गेली? वहिनींच्या बदलीचं काय झालं? घराचे हप्ते संपले की कळव, पार्टी तुझ्याकडं. पुण्याच्या पाण्याबद्दल तू लिहिलेलं वाचलं, वाईट वाटलं. बाकी निवांत बोलू.

मला पाहिजे एवढंच. तीन बाजू काय करायच्या त्या करा. उत्तरेचा बांध मातीचा राहू दे, फार तर खालच्या अंगाला दगड सुटे रचा, सांध्यात सिमेंट नको. वर करंज, वाळुंज, पाणकणीस राहू दे. बेडूक तिथंच, खेकडे तिथंच, दिवड तिथंच. खर्च वाढत नाही, उलट कमीच होतो. पण साहेब म्हणतात एस्टिमेट मंजूर झालंय, आणि सरपंच म्हणतात ठेकेदाराला विचारा.

ठेकेदार कोण, ते तुला एव्हाना कळलंच असेल. शिवादादा.

तुमचं बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे. शेताच्या त्या हातभर बांधावरून दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नाकार्याला गेले नाहीत, माझ्या समोरची गोष्ट. तेव्हा मी तुझी बाजू घेतली होती आणि आजही घेईन, रेघ त्यानंच सरकवली. पण मी गेलो तर त्याला मी मास्तर, सापाचं खूळ लागलेला. तू बोललास तर तो ऐकेल. वर्षानुवर्षं तुझ्या फोनची वाट बघतोय, मला वहिनींकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून, कळलंय. तुला हे सांगू नये म्हणून मला शपथ घातली होती. दिवडीपायी मोडली, देव बघून घेईल.

फोन रविवारी संध्याकाळी कर, सकाळी तो मळ्यात असतो आणि तिथं रेंज नाही. जमिनीचा विषय काढू नकोस, त्यानं काढला तरी. सापापासून सुरुवात करू नकोस. पाझरापासून कर. सांधे सिमेंटनं भरले की उत्तरेच्या विहिरींना तळ्यातून मिळणारा पाझर घटणार, हे खरंच आहे आणि त्याला पटेल, कारण त्या अंगाची पहिली विहीर त्याचीच आहे. ते गळी उतरलं की मग दिवडीचं सांग. तोही आपल्याबरोबर तळ्यावर असायचा, विसरला नसेल. काय म्हणाला ते त्याच रात्री कळव. सोमवारी पंचायतीची मासिक सभा आहे, मला अर्ज घेऊन जायचंय.

तुझा,
वश्या