भाचीला कॉमर्सला घालू का, विचारलंस म्हणून

डिचोली, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. ताईच्या मुलीला दहावीत ब्याण्णव टक्के पडले, याचा आनंद तुझ्या पहिल्या दोन ओळींत आहे आणि पुढची दोन पानं नुसती काळजी. "एवढे मार्क असून कॉमर्स म्हणते, वाया तर नाही ना जाणार?" हे वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो. हाच प्रश्न 2012 च्या जूनमध्ये माझ्या घरात विचारला गेला होता. तू सायन्सला गेलास, मी कॉमर्सला. आपल्याच एका शिक्षकांनी मला वर्गात उभं करून सांगितलं होतं, "गणित येतंय तरी कॉमर्स? हुशार मुलं तिकडे जात नाहीत." ते वाक्य मला अजून लागतं. दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला समोर बसलेल्या चाळीस चेहऱ्यांवर मला तेच वाक्य दिसतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

तुला आठवतं ना, त्या वर्षी सप्टेंबरात काय झालं? बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. सारमानसच्या नदीकाठच्या धक्क्याकडे खनिजाच्या ट्रकांची जी रांग लागायची, ती एका आठवड्यात नाहीशी झाली. आमचे दोन ट्रक दारात उभे राहिले. एक 2005 साली घेतलेला, दुसरा आदल्याच वर्षी काढलेला नवा टिपर. त्याचा हप्ता महिन्याला पंचवीस हजार, आणि ट्रिप एकही नाही.

त्याच दिवसांत आमच्या अकाउंटन्सीच्या बाईंनी घसारा शिकवायला घेतला. दहा लाखांची वस्तू, आठ वर्षं चालणार, शेवटी दोन लाखांना विकली जाणार, तर दरवर्षी तिची किती किंमत झिजते? आठ लाख भागिले आठ, वर्षाला एक लाख. मी वहीत उत्तर लिहिलं आणि पेन तसाच धरून राहिलो. ते आकडे जवळजवळ आमच्या जुन्या ट्रकचेच होते.

घरी जाऊन बाबांची डायरी काढली. बाबा व्यवस्थित माणूस, प्रत्येक ट्रिप, डिझेल, ड्रायव्हरचा पगार, टायर, सगळं तारीखवार लिहिलेलं. 2009 मध्ये जुन्या ट्रकचं कर्ज फिटलं, त्या पानावर त्यांनी सत्यनारायणाच्या पूजेचा खर्चही लिहिला होता. त्या दिवशी ते आईला म्हणाले होते, "आतां उरता तें सगळें आमचें." पण ते सगळं आपलं नव्हतं रे. त्यातले वर्षाला लाखभर रुपये ट्रकचे होते, त्याच्या झिजण्याचे. तीन वर्षांत तीन लाख आम्ही नफा समजून खर्च केले, घराला स्लॅब घातला, बहिणीचं लग्न केलं. इंजिन थकलं तेव्हा गाठीला काही नव्हतं, म्हणून नवा ट्रक पूर्ण कर्जावर आला. ते तीन लाख बाजूला असते, तर बंद पडलेल्या नव्या ट्रकचे वर्षभराचे हप्ते निघाले असते. बरोबर बारा महिन्यांचे. मी तो हिशोब तीनदा केला.

बाबांना सांगायला मला आठ दिवस लागले. ते रागावले नाहीत. "हें आमकां कोणें शिकयलें ना," एवढंच म्हणाले आणि डायरी माझ्याकडे दिली. पाच लाखांचे व्यवहार रोज डोक्यात फिरवणाऱ्या माणसाला कुणीही एक साधा भागाकार सांगितला नव्हता. वाणिज्य म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं.

बारावीत इकॉनॉमिक्सला गुणक आला. कागदावर सोपा आहे. लोक हाती आलेल्या प्रत्येक रुपयातले ऐंशी पैसे खर्च करत असतील, तर शंभर रुपयांचं उत्पन्न तुटलं की फिरत फिरत एकूण पाचशेचं तुटतं. पुस्तकात उदाहरण गुंतवणूक वाढल्याचं होतं. आमच्या गावात ते उलट्या दिशेने चाललेलं आम्ही बघत होतो. आधी ड्रायव्हर-क्लीनर घरी बसले, मग गॅरेज, मग टायरवाला, मग रस्त्याकडेचा चहा-भजीचा गाडा, आणि दिवाळीला शिंप्याकडेही गर्दी नव्हती. शिंप्याचा खाणीशी काय संबंध, असं आई विचारायची. मी तिला वहीत बाण काढून दाखवला. (खरं तर पाच पट होत नाही. डिझेलचा, टायरचा, ट्रकचा पैसा मुळातच गोव्याबाहेर जात होता, तेवढी गळती धरावी लागते. मुलांना मी ही गळती शोधून आणायला लावतो.)

आणि मूळ गोष्ट म्हणजे आमच्या ट्रकला स्वतःची मागणी नव्हतीच. पोलादाला मागणी, म्हणून खनिजाला, म्हणून ट्रकला. चीनचे कारखाने भरात होते तेव्हा इथली कमी लोहाची, एरवी बाजूला टाकलेली मातीसुद्धा बोटीत चढली आणि त्या भरवशावर डिचोली-सत्तरीत घरोघरी ट्रक आले. याला व्युत्पन्न मागणी म्हणतात, पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद आहे. एप्रिल 2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, तेव्हा आमची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. काही शेजाऱ्यांनी पुन्हा कर्ज काढलं. बाबांनी नाही काढलं. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यावर खाणी परत थांबल्या. शेजाऱ्यांकडे बघवत नव्हतं.

आता माझ्या वर्गाचं सांगतो, म्हणजे भाची नेमकं काय शिकेल ते कळेल. मी मुलांना बुधवारच्या बाजारात नेतो. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा बांगड्याचा भाव लिहून आणायचा, सुक्या मासळीचा लिहायचा, कडधान्याचा लिहायचा. गेल्या वर्षी ऑगस्टात भाव उतरला. एक मुलगा म्हणाला, बोटी पुन्हा समुद्रात गेल्या, पुरवठा वाढला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "सर, पण श्रावणही लागला, आमच्याकडे कोणी खात नाही. मग कशामुळे उतरला?" वर्ग गप्प. मीही क्षणभर गप्प. मग तिनेच सुचवलं, मडगावचा भाव बघूया, तिथे श्रावण न पाळणारी गिऱ्हाइकं जास्त; तिथेही उतरला असेल तर कारण बोटींचं. मित्रा, दोन कारणं एकत्र आली की ती वेगळी कशी करायची, यावर अर्थशास्त्रज्ञ आयुष्य घालवतात, आणि ते कोडं सोळा वर्षांच्या मुलीने मासळीच्या टोपलीतून काढलं. हुशार मुलं इकडे येत नाहीत म्हणे!

बिझनेस स्टडीजबद्दल मात्र खरं सांगतो, तो विषय घोकंपट्टीला लवकर बळी पडतो. फेयोलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं मुलं पाढ्यासारखी म्हणतात. तिला सांग, प्रत्येक तत्त्व एखाद्या खऱ्या दुकानात शोध. संस्थांचे प्रकार शिकवताना मी कोमुनिदादीचंही, म्हणजे गोव्यातल्या जुन्या गावसंस्थेचंही, सांगतो. गावची जमीन गावाची, उत्पन्नातून बांध आणि मानशींची (पाणी अडवायच्या दारांची) निगा राखायची आणि उरेल त्यातून गावकारांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांना, जोण म्हणजे वाटा द्यायचा. पुस्तकातल्या यादीत ती नाही, पण लाभांश म्हणजे काय ते बार्देस-तिसवाडीकडच्या मुलांना त्यावरून लगेच उमगतं.

एक अट तेवढी घाल. कॉमर्स घेताना गणित सोडू देऊ नकोस. पुढे अर्थशास्त्राची चांगली पदवी करायची म्हटली, तर बऱ्याच ठिकाणी बारावीचं गणित मागतात. सीए व्हायचं असेल तर त्याच्या फाउंडेशन परीक्षेचं बारावीनंतर बघता येईल, आत्तापासून क्लासच्या मागे पळवू नका. आणि डेबिट-क्रेडिटने पहिले दोन महिने ती रडेल, तेव्हा घाबरू नका. इटालियन गणिती लुका पाचोलीने ही पद्धत 1494 साली व्हेनिसमध्ये छापून मांडली, तेव्हापासून सगळेच आधी अडखळलेत. एकदा तेरीज (डेबिट-क्रेडिटच्या बेरजांचा तक्ता) जुळली की तो आनंद वेगळाच.

बाबांचं विचारलंयस. जुना ट्रक भंगारात गेला, नवा तोट्यात विकला, कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. आता घराच्या पुढच्या खोलीत छोटा पसरो (किराणा दुकान) चालवतात. दुधासाठी फ्रीज घेतला आहे. गल्ल्याशेजारी पत्र्याचा एक वेगळा डबा असतो, त्यात दर महिन्याच्या एक तारखेला फ्रीजच्या नावाने चारशे रुपये पडतात. आईने एकदा चतुर्थीला त्यातले मागितले, तर दिले नाहीत.

भाचीला एखाद्या बुधवारी सकाळी पाठव, पिशवी आणि वही घेऊन. ती 2009 ची डायरी मी काढून ठेवली आहे, तिला वाचायला द्यायला बाबांची हरकत नाही. ताईंना आणि घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच,
दहावीतल्या बाकावरचा सोबती