मुद्रा अहाबाचीच होती

प्रिय सोनू,

प्रभूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस की तलाठी म्हणून साझ्यातल्या एवढ्या गावांचा पसारा एकटीला आवरत नाही, म्हणून तुझ्या डिजिटल सहीचं डोंगल दिवसभर हाताखालच्या पोराकडेच असतं आणि जमिनीच्या नोंदींतले फेरफारही तोच चढवतो. त्याला लोक 'झिरो तलाठी' म्हणतात, हे सांगून तू हसलीस. तुझ्यासमोर माणसं खोळंबली होती, म्हणून तेव्हा विषय वाढवला नाही. फोन ठेवल्यावर बायबलमधलं पहिले राजे, २१ वा अध्याय काढला. संडे स्कूलमध्ये तू ही गोष्ट घडाघडा सांगायचीस: दुष्ट राजा, त्याहून दुष्ट राणी, शेवटी राणीला खाणारी कुत्री. आता महसूल खात्यातली बाई म्हणून एकदा वाच. हे सरळसरळ जमिनीचं प्रकरण आहे.

अहाब हा इस्राएलचा राजा काही लेचापेचा नव्हता. २२ वर्षं त्याने शोमरोनातून राज्य केलं. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्करच्या लढाईत अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसराला अडवायला जे राजे एकत्र आले, त्यांत अहाबाचं नाव आहे, आणि हे खुद्द शत्रूने दगडावर कोरून ठेवलंय: २,००० रथ, १०,००० पायदळ. रथांचा आकडा फुगवलेला असावा असं बरेच अभ्यासक म्हणतात, पण नाव आहे. तो शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याचा बाप अम्री याने शोमरोनची टेकडी शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार वजनाची चांदी मोजून घेतली आणि तिच्यावर राजधानी बांधली. म्हणजे रीतसर खरेदी कशी करतात हे या घराला चांगलं ठाऊक होतं.

अम्रीच्या या पोराला हवा होता इज्रेल गावातल्या त्याच्या वाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा. कशासाठी, तर भाजीपाला लावायला! बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे, असं तो म्हणाला. इथवर त्याचं काही चुकलं नाही. नाबोथाने नाही म्हटलं, कारण ते वाडवडिलांचं वतन होतं. लेवीयच्या २५ व्या अध्यायात देव सांगतो की जमीन माझी आहे, ती कायमची विकायची नाही. तेव्हा नाबोथाच्या नकाराला आधार होता आणि राजालाही तो माहीत असणार. म्हणून तर त्याने शिपाई पाठवले नाहीत. पलंगावर पडला, भिंतीकडे तोंड केलं आणि जेवायला नको म्हणाला. एवढा रथांचा धनी!

आता तिसरं आणि सहावं वचन शेजारी शेजारी ठेवून वाच. परमेश्वर असं न करो, हे माझ्या वाडवडिलांचं वतन आहे, असं नाबोथ म्हणाला होता. राणी ईजबेल विचारायला आली तेव्हा अहाब तिला एवढंच सांगतो की मी मळा मागितला आणि तो नाही म्हणाला. परमेश्वर गळला, वाडवडील गळले. हरकतीचं कारण पुसून नुसती हरकत पुढे पाठवली. ऐकणाऱ्याला वाटणार, माणूस आडमुठा दिसतोय. नाबोथाचं प्रकरण मला तर इथेच बिघडलेलं दिसतं, धोंडे नंतर आले. तुझ्याकडेही कुणाची तरी हरकत तिसऱ्याच्या तोंडून येत असेल. बहीण सही देत नाही, एवढंच तुझ्या कानावर पडतं. ती का देत नाही, हे सांगणाऱ्याला सांगायचं नसतं.

पुढची पत्रं नाबोथाच्या गावच्या वडीलजनांना ईजबेलीने लिहिली. आपल्याकडे उपदेशात सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटतं. लहानपणापासून मी हेच ऐकत आलो आणि मला ते कधी पटलं नाही. ती निर्दोष नव्हतीच. पण पत्रं अहाबाच्या नावाने गेली आणि त्यांवर मुद्रा अहाबाची होती. मुद्रा तिच्या हातात गेली कशी? चोरल्याचं वचनात कुठे म्हटलेलं नाही. तुझ्या डोंगलचं मला म्हणून वाटलं. त्या पोराच्या मनात पाप असेल असं मी म्हणत नाही, तो गुणीही असेल. पण नोंदीखाली नाव तुझं उमटतं.

आणि त्या कटाची नीटनेटकी मांडणी बघ. आधी उपास जाहीर करायचा, नाबोथाला सभेत मानाच्या जागी बसवायचं, समोर दोन अधम माणसं बसवायची. दोनच का, तर मरणाच्या शिक्षेला नियमशास्त्रात किमान दोन साक्षीदार लागतात. सगळं नियमात बसवलेलं! त्याने देवाला आणि राजाला शाप दिला असं दोघांनी म्हणायचं, गावाबाहेर न्यायचं, धोंडमार करायची. जागेवर न जाता पंचांच्या सह्या झालेला पंचनामा तुला माझ्याआधी आठवेल.

तरी मला सगळ्यात जास्त राग येतो तो इज्रेलच्या वडीलजनांचा. ते नाबोथाच्याच गावचे. त्याला ओळखणारे, कदाचित त्याच्या मळ्यातली द्राक्षं खाल्लेले. पत्र आलं आणि लिहिलं होतं तसं त्यांनी केलं. एकानेही उलट विचारलं असं वचनात नाही. बरं, फसवणूक म्हणावी तर तीही नाही. पत्र अहाबाच्या नावाचं, पण काम झाल्याचा निरोप त्यांनी पाठवला तो थेट ईजबेलीला! चौदावं वचन. हुकूम खरोखर कुणाचा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुद्रा होती ती फक्त उद्या कुणी विचारलं तर दाखवायला.

ईजबेल अहाबाला सांगते, ऊठ, मळ्याचा ताबा घे, नाबोथ जिवंत नाही, मेला. कसा मेला, हे ती सांगत नाही आणि हा विचारत नाही. काल धडधाकट असलेला माणूस, आपल्याला नाही म्हणालेला माणूस आज मेला, आणि राजा उठून मळा बघायला जातो. त्याचं सगळं पाप मला त्या न विचारण्यात दिसतं. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर मळा सोडावा लागला असता. म्हणून संदेष्टा एलीया मळ्यातच त्याला गाठतो आणि विचारतो, तू खून करून वर ताबाही घेतलास काय? ईजबेलीने केलं, वडीलजनांनी केलं, असली फोड एलीया करत नाही.

अहाबाने मग कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला. देवाने ते पाहिलं आणि अरिष्ट त्याच्या मुलाच्या दिवसांपर्यंत लांबवलं. एवढी दया झाली, पण मळा परत केल्याचा शब्द नाही. दुसरे राजेच्या ९ व्या अध्यायात अहाबाचा मुलगा बंड करून उठलेल्या येहू या सेनापतीच्या बाणाने मरतो आणि त्याचं प्रेत जिथे टाकतात, त्या जागेला तेव्हाही नाबोथाचं शेत म्हणतात. बारा-एक वर्षं वाड्याच्या कब्जात राहून लोकांच्या तोंडचा सातबारा काही बदलला नव्हता. तिथेच कळतं की नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. वारस उरू नयेत याचीही व्यवस्था केली होती.

दहावा अध्याय मात्र दिवसा वाच, रात्री नको. येहू शोमरोनला पत्र धाडतो. कुणाला? इज्रेलचे अधिकारी, वडीलजन आणि अहाबाच्या मुलांना सांभाळणारे यांना. दुसऱ्या पत्रात लिहिलेलं असतं की तुमच्या धन्याच्या मुलांची डोकी घेऊन उद्या या वेळेला या. आणि ते ७० मुलांना मारून डोकी टोपल्यांत भरून पाठवतात. अहाबाच्या घराने या लोकांना पत्र आलं की करायचं, एवढंच शिकवलं होतं. सकाळी येहू लोकांपुढे उभा राहून म्हणतो, धन्याविरुद्ध मी उठलो खरा, पण या सगळ्यांना कुणी मारलं? पत्र पाठवणाराच असं विचारतो! वरून आलेल्या तोंडी सूचनेवर नोंद घालणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकून ठेवावा. साहेब लेखी द्या, एवढं म्हणायला तू भिऊ नकोस. आणि नोटिशीनंतरचे हरकतीचे १५ दिवस कुणाच्या घाईसाठी १२ होऊ देऊ नकोस.

याच अहाबाच्या घरी ओबद्या नावाचा कारभारी होता. ईजबेल संदेष्ट्यांना मारत सुटली तेव्हा त्याने १०० जणांना पन्नास पन्नास करून गुहांत लपवलं आणि ऐन दुष्काळात भाकर-पाणी पुरवलं. नोकरी राजाचीच चालू होती. त्याच्यावरून तुझ्या आईचं आणि माझं कधीच जमलं नाही. ती म्हणते, त्या वाड्याच्या किल्ल्या इतकी वर्षं सांभाळणारा माणूस धुतल्या तांदळासारखा कसा राहील, त्याने नोकरी सोडायला हवी होती. मी म्हणतो, सोडली असती तर गुहेतल्या शंभर जणांनी काय खाल्लं असतं? तू आता आतून बघतेस. कुणाचं बरोबर, ते लिही. फोनवर नको, लिहूनच पाठव, म्हणजे आईला दाखवता येईल.

तुझा,
पप्पा