छोट्या धरणाची वही कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ जवळ आली की आपल्या गोव्यातल्या वर्तमानपत्रांत धरणांची बातमी येते. साळावली भरून वाहू लागले, अंजुणे इतके टक्के, चापोली, आमठाणे, पंचवाडी तुडुंब. आम्ही ती वाचतो आणि उन्हाळ्याची चिंता मिटली म्हणून निर्धास्त होतो. साळावलीच्या सांडव्यात पाणी कोसळतानाचे व्हिडिओ तर घराघरांतल्या मोबाईलवर फिरत असतात. माझ्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, वरच्या अंगाला जे मातीचे धरण आहे, ते मात्र या यादीत कधीच नसते. उंची दहा मीटरच्या आत, खाली चाळीसेक घरे, पोफळी, नारळ, थोडी वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती. फोटो काढावा असे त्यात काही नाही. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आले की चौकशी पत्र लिहिणाऱ्याची होते, धरणाची राहून जाते.

मी अभियंता नाही. हायस्कुलात विज्ञान शिकवले, निवृत्त झालो आणि आता कुळागर बघतो. धरणाच्या पायथ्याशी पाझराचे पाणी गोळा करणारे एक गटार आहे. त्यात लोखंडी पत्रा उभा बसवलेला असून त्याला व्ही अक्षरासारखी खाच पाडली आहे. या साध्या पत्र्याचे मला फार कौतुक वाटते. खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची मोजली की धरणातून सेकंदाला किती पाणी झिरपते ते कळते. काटकोनाची खाच असेल तर पाच सेंटिमीटर उंचीला सेकंदाला साधारण पाऊण लिटर आणि दहा सेंटिमीटरला जवळजवळ साडेचार लिटर. म्हणजे उंची दुप्पट झाली तर पाणी पाचपटीहून जास्त वाढते. नुसत्या डोळ्यांनी ‘थोडे वाढलेय’ म्हणणारा माणूस इथेच फसतो. आमच्या पत्र्यामागे मात्र गाळ काठोकाठ साचला आहे आणि खाचेत झावळीचा तुकडा अडकून बसला आहे. त्यावरून आज काहीही मोजता येणार नाही.

म्हणून मी बादली घेतली. ते गटार पुढे माझ्या पाटात पडते. पंधरा लिटरची बादली खाली धरायची आणि मोबाईलवर सेकंद मोजायचे. गेल्या वर्षी श्रावणात, दोन दिवस चांगली उघाड पडल्यावर, बादली भरायला ३८ सेकंद लागले. यंदा तशाच उघाडीत २४. उघाडीची वाट एवढ्यासाठी पाहिली की पावसाचे पाणी पाझरात मिसळू नये. तलावाची पातळी दोन्ही वेळा सारखीच असावी यासाठी सांडव्यावरून नुकते पाणी जाऊ लागले होते तेव्हाच मोजणी केली. खरे तर पातळी बघायला तलावात गेजची पट्टी आहे, पण तिच्यावरचे आकडे शेवाळाने खाल्ले आहेत. सांडवा हीच माझी पट्टी.

हे कागदावर मांडून मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितले, ‘‘मास्तर, मातीचे धरण आहे, पाझरणारच.’’ ते खोटे बोलले नाहीत. मातीचे कोणतेही धरण थोडे झिरपतेच, म्हणूनच तर तो पत्रा बसवतात. पण तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढत असेल तर कारण शोधावे लागते. तो अचानक घटला तरी खूश होऊ नये, आतला निचरा तुंबलेला असू शकतो. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे पाण्याचा रंग. नितळ पाणी नुसते पाणी असते, गढूळ पाणी आपल्याबरोबर धरणाची माती घेऊन येत असते. अशी माती गेली की आत पोकळी पडते. ती बहुधा कोरड्या बाजूला, पायथ्याशी सुरू होते आणि मागे मागे तलावाकडे सरकते. ती तलावापर्यंत पोचली की हातात उरतात ते काही तास. वरून पाहणाऱ्याला तोपर्यंत धरण हिरवेगार आणि छान दिसत असते.

हिरवेगार म्हणताना आठवले. धरणाच्या उतारावर आमच्याकडे एक काजू वाढला आहे. बोंडू चांगले लागतात म्हणून त्याला कोणी हात लावू देत नाही आणि ते कोणी गोळा करायचे यावर दर मे महिन्यात दोन घरांत वाद होतो. त्याची मुळे कुठवर गेली आहेत, झाड मेले की ती आत कुजून पाण्याला कशी वाट करून देतील, याबद्दल वाद घालायला कोणी तयार नाही. शेजारी दोन वारुळे आहेत. त्यांना गावच्या बाया हळद-कुंकू वाहतात, त्यावर मी बोलणार नाही. पण ती कुठवर पोखरत गेली आहेत हे कोणी तरी बघायला हवे.

चिपळूण तालुक्यातले तिवरे आठवा. २ जुलै २०१९ ची रात्र. धरण फुटले, खालच्या भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर तिकडच्या एका मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरले असे सांगितले आणि सगळा महाराष्ट्र हसला. इकडे गोव्यातही आपण हसलो. मला मात्र हसू आले नाही. माझे आजोळ चोडणला, खाजन शेतीचे, म्हणजे नदीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या भातशेतीचे. आजोबा सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी बांधावरून एक फेरी मारत. कमरेला कोयती, हातात टोकाला आकडा असलेली लोखंडी सळई. कुर्लीचे, म्हणजे खेकड्याचे, बीळ दिसले की सळई आत, कुर्ली बाहेर, आणि लगेच चिखल व गवत कोंबून बीळ पायाने दाबून बंद. संध्याकाळी कुर्ल्यांचे हुमण, म्हणजे कालवण. कुर्ली बांध पोखरते हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती आणि त्यांच्या बांधाला भगदाड पडले असते तर कुर्लीचे नाव सांगून ते सुटलेही नसते. नदीचे खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे भात गेले, हा हिशेब सगळ्या वाड्याला पाठ होता. मंत्री महोदयांचे प्राणिशास्त्र तितकेसे चुकले नसेल. बिळे बुजवायला बांधावर रोज कोण जात होते, एवढेच त्यांना विचारायला हवे होते.

देशात धरण सुरक्षा कायदा आहे. २०२१ साली संसदेने तो केला आणि ३० डिसेंबर २०२१ पासून तो लागू झाला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, मोजमापाची उपकरणे, नोंदवही, आणीबाणीचा आराखडा हे सगळे त्यात आहे. जुन्या धरणांचाही आराखडा पाच वर्षांत करायचा आहे. पण हा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागतो. दहा ते पंधरा मीटरमधली धरणे काही अटींत बसली तरच त्यात येतात. दहाच्या खालची त्यात येतच नाहीत. आमचे धरण म्हणजे कायद्याच्या दारात उभे असलेले, पण उंची कमी म्हणून आत न घेतलेले पोर. पाण्याला ही उंची कोणी सांगितलेली नसते. वाळपईच्या बाजूला पाऊस शंभर इंच सहज ओलांडतो, आणि त्यातला बराचसा जून-जुलैच्या थोड्या दिवसांतच कोसळतो. अंजुणेचे दरवाजे उघडायचे असले की खालच्या केरी-साखळीला सावध करतात, ते योग्यच आहे. आमच्या सांडव्याला दरवाजाच नाही, आणि सावध कोणी कोणाला करायचे हेही ठरलेले नाही. रात्री दोन वाजता गटारातून लाल पाणी येताना कोणाला दिसले तर त्याने फोन कोणाला करावा? माझ्या घरी तर रेंज यायला अंगणाच्या टोकाला, फणसाखाली जावे लागते.

आम्ही सेन्सर मागत नाही. धरणाच्या भिंतीतल्या पाण्याची पातळी दाखवणारे पिझोमीटर दोन-तीन बसवले तर स्वागतच आहे, पण ते बसवून उद्घाटन होईल आणि पुढच्या पावसात त्यांची झाकणे भंगारात जातील, हेही मला दिसते. पहिली गरज माणसाची आहे. गावातलाच एक माणूस, पावसाळ्याचे चार महिने रोज आणि एरवी आठवड्यातून एकदा, धरणाच्या माथ्यावरून एक आणि पायथ्याने एक अशा दोन फेऱ्या मारील. पायथ्याची फेरी महत्त्वाची. वरून सगळेच फिरतात, सेल्फी काढतात. तलावाची पातळी, खाचेतली उंची, पाण्याचा रंग, नवी ओल, भेग, बीळ, सांडव्यात अडकलेले लाकूड हे त्याने वहीत लिहावे. त्याला पगार द्यावा, मानधनाच्या नावाने चहापाणी नको. वहीची एक प्रत पंचायतीत असावी आणि ग्रामसभेत ती वाचली जावी. आमच्या ग्रामसभेत रस्त्याच्या दिव्यांवर तास जातो, दहा मिनिटे धरणाला मिळायला हरकत नाही. खात्याने पत्र्यामागचा गाळ उपसावा, गेजचे आकडे नव्याने रंगवावेत आणि तो काजू तोडायचा की कसे ते अभियंत्याने येऊन ठरवावे. तोडला तर मुळांच्या जागी माती नीट ठोकून भरावी लागते, नुसता बुंधा कापून भागत नाही. बोंडूंच्या वाटणीचे आम्ही बघून घेऊ.

तोवर वही मीच लिहितो आहे. दर रविवारी पाझराचे पाणी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवतो, रात्रभर ढवळत नाही. सध्या सात बाटल्या आहेत, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. सहा बाटल्यांच्या तळाशी काही नाही. गेल्या रविवारच्या बाटलीत नखाच्या जाडीएवढी तांबूस माती बसली आहे. पाऊस त्या आदल्या रात्री पडला होता, त्यामुळे ती माझ्या पाटाकाठची असू शकेल. नसूही शकेल. बाटली जपून ठेवली आहे. कोणी अभियंता पाहायला येणार असेल तर घरी कधीही यावे.

आपला,
एक कुळागरवाला, सत्तरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)