अलंकार पाठ होत नाहीत म्हणालीस, म्हणून

चि. ईशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांच्या व्याख्या कितीही घोकल्या तरी पेपरात एकमेकींत मिसळतात म्हणालीस. मागे मुली रांगेत उभ्या होत्या, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. म्हणून लिहिते आहे.

व्याख्या जरा बाजूला ठेव आणि नारायण सुर्व्यांची 'दोन दिवस' ही कविता घे. सुर्वे मुंबईच्या गिरणगावात वाढले, स्वतः कामगार होते. ते म्हणतात, आकाशात चंद्र शेकडो वेळा आला, पण आमची जिंदगी 'भाकरीचा चंद्र' शोधण्यातच बरबाद झाली. आता हे दोनच शब्द धर. 'चंद्रासारखी भाकरी' असं म्हटलं असतं, तर ती उपमा. भाकरी उपमेय, म्हणजे जिची तुलना करायची ती, चंद्र उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो, 'सारखी' हा साधर्म्य दाखवणारा शब्द आणि दोघांतला सारखा गुण म्हणजे गोलपणा. 'भाकरी जणू चंद्रच' म्हटलं, की उत्प्रेक्षा. कवी तशी कल्पना करतो आहे, 'जणू'मुळे ते आपल्यालाही कळतं. सुर्व्यांनी मात्र 'सारखी'ही ठेवलं नाही आणि 'जणू'ही नाही. भाकरी आणि चंद्र एकच करून टाकले. हे रूपक.

आणि खरी गंमत पुढे आहे. रूपक झाल्याबरोबर गोलपणा मागे पडतो. चंद्र रोज दिसतो, पण हाताला लागत नाही. भुकेल्या माणसाची भाकरीही तशीच. शिवाय आधीच्या ओळीत खरा चंद्र येऊन गेलेलाच आहे, त्याच्याकडे मान वर करून बघायला या माणसाला सवड नव्हती. एका रूपकानं कवितेचा केवढा भार उचलला आहे बघ! कविता वाचताना पोटात काहीतरी हललं असतंच, त्यासाठी व्याकरण लागत नाही. पण ते नेमकं कुठे हललं, हे दुसऱ्याला दाखवायचं, तर उपमेय, उपमान हे शब्द हाताशी हवेत. तुम्हाला ते शिकवतात ते एवढ्यासाठी.

म्हणून रसग्रहण लिहिताना गाइडमधली वाक्यं उचलू नकोस. 'कवीने अत्यंत सुंदर शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत' हे वाक्य कुठल्याही कवितेखाली चालतं, म्हणजे ते कुठल्याच कवितेचं नाही. मला त्या वाक्यांचा फार राग येतो. काव्यसौंदर्य या मथळ्याखाली तू एकच ओळ घे, पण ती अशी उलगडून दाखव.

छंद आणि वृत्तं तर तुला माझ्यापेक्षा सोपी जायला हवीत, तू आजीच्या मांडीवर भजनं ऐकत वाढलीस. आजीची शाळा चौथीत सुटली. पण भजनात कुणी एखादं अक्षर खाल्लं, की तिचा टाळ थांबतो आणि ती मान हलवते, हे तू कितीदा पाहिलं आहेस. तुकोबांचा अभंग बोटांवर मोज: 'सुंदर तें ध्यान' सहा, 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा, 'ठेवोनिया' चार. हा मोठा अभंग. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी 'विटेवरी', 'कटावरी' हे यमक. आजीचा कान हेच मोजत असतो, पुस्तकानं त्याला नावं दिली आहेत.

अक्षरगणवृत्तात मात्र नुसती संख्या मोजून भागत नाही, लघु-गुरू, म्हणजे कुठलं अक्षर आखूड आणि कुठलं लांब उच्चाराचं, हे बघावं लागतं. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हा रामदासांचा चरण मोठ्यानं, ठेक्यात म्हण. मनासज्, जनाभक्, तिपंथे, चिजावे. तीन अक्षरांचा एक गट म्हणजे गण. इथे प्रत्येक वेळी एक लघु आणि दोन गुरू, म्हणजे य गण, असा चार वेळा. बारा अक्षरं, या वृत्ताचं नाव भुजंगप्रयात. 'स' आणि 'भ' एरवी लघु, पण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्यांच्यावर येतो म्हणून इथे गुरू. परीक्षेत मुली हमखास इथेच चुकतात. मनाचे सगळे श्लोक याच चालीचे आहेत, तेव्हा एकाचं गणित सुटलं की बाकीच्यांची भीती उरत नाही.

गणांची नावं तेवढी पाठ करावीच लागतील, त्याला इलाज नाही. यमाचा, राधिका, भास्कर, जनास असं म्हणत वर्गापर्यंत चालत जा, दोन दिवसांत बसतील. शब्दाचं पहिलं अक्षर हे गणाचं नाव, आणि त्या शब्दाचे लघु-गुरू हेच त्या गणाचे. आणि पाठ्यपुस्तकातली तुला आवडेल ती कविता वहीत उतरवून, प्रत्येक अक्षरावर लघुला अर्धचंद्र आणि गुरूला आडवी रेघ अशा खुणा करून पुढच्या पत्रातून पाठव. कविता मुक्तछंदातली, म्हणजे ठरावीक मापात न बांधलेली, निघाली तर खुणांचा साचा बसणार नाही. मग ती मुक्तछंदातली का वाटली ते दोन ओळींत लिही. चुकलं तरी खोडरबर न वापरता पाठव, कुठे अडतेस ते मला दिसायला हवं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. बाबा आणि आजी आठवण काढतात.

तुझी,
आई