आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

प्रिय आई-बाबा,

सलाम.

तुम्ही म्हणाल रोज फोनवर बोलते तर हे एवढं लांबलचक कशाला लिहून राहिली, तर फोनवर नेटवर्क जातं, आणि नाही गेलं तर आई रडते, दोन्हीत माझं वाक्य अर्धंच राहतं. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. पेपर वाचताना गाळता तसं मधलं गाळू नका.

काल इथं आफ्रिकेत, मलावीला पहिला मोठा पाऊस पडला. ऑक्टोबरभर लोक हाशहुश करत होते, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी 35 झालं की यांचा जीव जातो आणि मी मनात म्हणते, बापा, मे महिन्यात आमच्या नागपूरच्या सदरला येऊन पहा 45 मधे. तर पाऊस थांबल्यावर रात्री जमिनीतून पंखवाल्या वाळव्या निघाल्या, न्गुंबी म्हणतात. शाळेच्या व्हरांड्यात एकच बल्ब आहे, त्याच्याखाली पोट्ट्यांनी पाण्याची घमेली मांडली, त्यात त्या पटापट पडतात, मग पंख पाखडून टाकायचे आणि कोरड्या तव्यावर मीठ घालून परतायच्या. आपल्याकडे असे किडे आले की आई घरभर लाइट बंद करून आम्हाला अंधारात बसवायची, इथं लाइट लावून त्यांची वाट पाहतात. मी खाल्ल्या. आई, तोंड वाकडं करू नको, भाजलेल्या फल्लीदाण्यासारख्या लागतात, थोड्या तेलकट.

बाकी जेवण तेच, न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड पण इतकी घट्ट की हातानं गोळा करून भाजीत बुडवता येतो. सोबत भोपळ्याची पानं नाहीतर सुकी मासळी. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मीच डब्यात लावलाय, शेजारणी येऊन वास घेतात आणि हसतात.

चर्चमधे लोक तुम्हाला विचारतात ना, पोरीनं तिकडं किती जणांना प्रभूकडे आणलं? त्यांना सांगा की इथले लोक आधीच आलेले आहेत, कदाचित आपल्या घरच्यांच्याही आधी. ब्लँटायर शहरातलं सेंट मायकल चर्च 1891 मधे बांधून झालं, बांधून घेणाऱ्या पाद्र्याला आर्किटेक्चरचं काही शिक्षण नव्हतं आणि बांधणारे हात इथल्याच लोकांचे, विटासुद्धा इथेच भाजल्या, आणि अजून त्यात दर रविवारी उपासना होते. आमच्या गावच्या उपासनेला तीन तास लागतात, चार कॉयर गातात, आणि मी मागच्या बाकावर बसून टाळ्यांचा ठेका चुकवते. मी त्यांना काय शिकवणार? मी गणित शिकवते. फॉर्म टूला, म्हणजे आपली नववी-दहावी समजा. दुपारी वह्या तपासायच्या, संध्याकाळी हापशीवर बादली घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आठवड्यातून दोनदा म्वानोच्या बायकांबरोबर, म्हणजे इथलं महिला मंडळ, आजारी माणसांच्या घरी जायचं. सपोर्टरांना पाठवायच्या रिपोर्टमधे हे लिहिलं की फार मोठं काहीतरी वाटतं. तसं नाहीये ते. जाऊन बसायचं असतं फक्त. दारातून ओडी म्हणायचं, आतून या म्हणाले की चटईवर बसायचं, पेपानी म्हणायचं, म्हणजे वाईट वाटलं, आणि मग बराच वेळ काहीच बोलायचं नाही. सुरुवातीला मला ते जमायचंच नाही, लगेच प्रार्थना नाहीतर सल्ला सुरू.

बाजारात मला अम्वेन्ये म्हणतात, म्हणजे इंडियन. इथले इंडियन म्हणजे बहुतेक गुजराती दुकानदार, म्हणून पहिले सहा महिने लोकांना वाटलं मी दुकान टाकायला आली. एका आजीनं तर विचारलं, तुझ्याकडे साखर कधी येणार? मी म्हटलं मी चर्चकडून आली, तर म्हणते चर्चचे तर गोरे असतात.

बाबा, निघताना एअरपोर्टवर तुम्हीही जवळपास हेच म्हणाला होता. गोरे आपल्याकडे आले ते समजलं, तू कशाला चालली. तेव्हा मला काही सुचलं नाही, आणि आता जे सांगते तेही उत्तर म्हणून नका घेऊ, वाचलं म्हणून सांगते. 1861 मधे याच भागात गुलाम करून नेत असलेल्या लोकांची सुटका झाली, त्यात चुमा नावाचा पोरगा होता, तो पुढं लिव्हिंगस्टन या मिशनरी प्रवाशाबरोबर मुंबईला गेला आणि तिथल्या मिशन शाळेत शिकला. आणि जेकब वेनराइट म्हणून दुसरा एक, तोही असाच सुटलेला, तो आपल्या नाशिकच्या शरणपूरला शिकला. 1873 मधे लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचं शव महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत हे दोघं होते, आणि ते वारले तिथल्या झाडावर त्यांचं नाव कोरलं ते या नाशिकच्या पोरानं. त्याच्या कानावर मराठी पडलीच असेल ना? मी हे फॉर्म टूला सांगितलं तर एकानं विचारलं, मॅडम मग त्याला पगार किती होता? मला माहीत नव्हतं. पण प्रश्न बरोबर आहे त्याचा.

आणि मिशनरी हिस्लॉप साहेब 1845 मधे नागपूरला आले तेव्हा त्यांच्या आईला कोणी विचारलं असेल का? तुम्हीच बुटीबोरीकडे जाताना दाखवायचे, इकडं टाकळघाट, इथंच 1863 मधे साहेब पुरात वाहून गेले. हे उदाहरण आईसमोर द्यायला नको होतं, कळतंय. आता लिहून झालं.

बरं, एक खोटं कबूल करते. फेब्रुवारीत चार दिवस फोन नव्हता, मी म्हटलं टॉवर पडला, तर टॉवर ठीक होता, मला मलेरिया झाला होता. हेल्थ सेंटरमधे बोटाला टोचलं, पट्टीवर दोन रेघा आल्या, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, बरी झाली. मच्छरदाणी आता रोज गादीखाली खोचते. पण त्या तीन रात्री म्वानोच्या बायका पाळीपाळीनं माझ्याकडे राहिल्या. दुसऱ्या रात्री जी होती तिचं नावही मला नीट माहीत नव्हतं. कंदील कमी करून ती भिंतीला टेकून बसली, चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, गुडघ्यापर्यंत ओढून, मी हलली की पातळ पेजेचा कप पुढं करायची, बस. सकाळी उठून चार किलोमीटर चालत शेतावर गेली. मी तेव्हा आईची आठवण काढून खूप रडली, पण त्या बाईला पाहून थोडं कमी रडली.

आता मुद्दा. मला नाताळला येता येणार नाही. मागच्या महिन्यात मी अजून दोन वर्षांच्या कागदावर सही केली. परमिटसाठी एका ऑफिसात चार चकरा झाल्या, दर वेळी एक फोटो कमी पडायचा, ते जाऊ द्या. तुम्हाला विचारलं नाही कारण विचारलं असतं तर तुम्ही हो म्हटलं असतं, आणि तुमचा तो हो मला माहीत आहे, फोन ठेवल्यावर दोघंही जेवत नाही. दादाला मी सांगणार होते की गणिताला दुसरं कोणी भेटत नाही, म्हणून थांबले. ते खरं आहे पण कारण ते नाही. मला इथं राहायचंय.

आणि बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत. मी इथं लोकांच्या आजाऱ्यांजवळ चटईवर बसते आणि माझ्या बापाजवळ बसायला नसणार, हे रोज रात्री डोक्यात येतं आणि याला माझ्याकडे काही उत्तर नाही. बायबलमधे वचन शोधून पाहिलं, दोन्ही बाजूंची सापडतात. आमची शाळा जुलैत संपते, तेव्हा मी पाच आठवडे येईन, तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत. डॉक्टरांना विचारा ऑपरेशन तोवर थांबतं का. पण थांबत नसेल तर माझ्यासाठी दुखणं काढत बसू नका बाबा, जिना चढताना तुम्ही कठड्याला कसे धरता ते मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, आई मोबाइल फिरवते तेव्हा सगळं दिसतं. दादा पंधरा दिवसांची रजा टाकतो म्हणाला. शेजारच्या काकूंना रात्रीसाठी विचारा, त्या नाही म्हणणार नाहीत, पण विचारायला लाजू नका.

आई, करंज्यांचं पार्सल करू नको, पोहोचेपर्यंत चुरा होतो आणि खर्च करंज्यांच्या दहापट. केकचं मिश्रण बेकरीत घेऊन जाशील तेव्हा बाबांना रांगेत उभं करू नको.

फोन तुमच्या रात्री साडेनऊला करा, माझ्याकडे सहा वाजतात. आधी बाबांनी बोला. काय बोलायचं ते बोला, रागवायचं तर रागवा, मी ऐकते.

तुमची,
छोटी

ता.क. कोंबडीचं राहिलंच. न्खुनी म्हणजे लाकडं आणि न्खुकू म्हणजे कोंबडी, आणि मी भर चर्चमधे माइकवर सांगितलं की शनिवारच्या चहासाठी प्रत्येकीनं एक-एक न्खुकू आणा. सगळं चर्च हसलं. पण ती साखरवाली आजी खरंच घेऊन आली, पाय बांधून, बगलेत धरून. परत घ्यायला तयार नाही. आता ती माझ्या वह्यांच्या खोक्यात अंडी देते, फॉर्म टूच्या टेस्ट पेपरवर.