मृगाची पाखरं

वेंगुर्ले
ज्येष्ठ, मृग नक्षत्र

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा इथे कौलांवर पाऊस असा कोसळत होता, की तुझं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. कळलं ते एवढंच: दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमला, तू घाबरून फवाऱ्याचा अख्खा डबा माजघरात रिकामा केलास आणि मग तुम्ही तिघं मध्यरात्रीपर्यंत ओटीवर बसून राहिलात. छकुली दहा महिन्यांची. रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी जमीन. साबणाच्या पाण्याने सगळी फरशी दोनदा पुसून घे. तिची खेळणी, चटई, पाळण्याचे कठडे धुऊन काढ. त्या डब्यांत बहुतेक पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं. मोठ्या माणसाला ते थोडंफार खपून जातं, पण बाळाचे तळहात दिवसभर जमिनीवर आणि तेच हात तोंडात. तुझ्या मांजरीच्याही जिवावर यातली काही औषधं बेततात. पुन्हा असा डबा हातात घेऊ नकोस.

आता ती पाखरं. ती वाळवीच, पण ही पंखवाली स्वतः लाकूड खात नाहीत. पहिला दमदार पाऊस पडून जमीन भिजली, की वाळवीच्या वारुळातून पंख फुटलेले नर-मादी बाहेर पडतात, दिव्याकडे धावतात, पंख गाळतात आणि जोडी जमली तर नवं घर करायला मातीत शिरतात. त्यातली बहुतेक सकाळपर्यंत मरतात. खिडकीतून आलेल्या थव्याला औषध लागतच नाही. घरातले दिवे मालवायचे, अंगणातला एक चालू ठेवायचा आणि त्याखाली पाण्याची परात मांडायची. सकाळी परात रिती करायची, झालं. एकदा नीट बघून मात्र घे. चारही पंख सारखे लांब आणि कंबर जाड असेल तर वाळवी. कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक आणि पुढचे पंख मोठे असतील तर त्या पंखवाल्या मुंग्या, त्यांची चिंता नको.

पण बाय, तू ओझरतं म्हणालीस, की काही पाखरं माजघराच्या चौकटीच्या बुडातून निघत होती. मला घोर लागलाय तो त्याचा. बाहेरून आली ती पाहुणी, घरातून निघाली म्हणजे वस्ती घरात आहे. तू पाठवलेल्या फोटोत चौकटीच्या पायथ्याशी मातीची पेन्सिलीएवढी जाड नळी वर चढलेली दिसते. वाळवीला उघड्यावरचा वारा आणि ऊन सोसत नाही, अंग लगेच सुकतं, म्हणून ती मातीची नळी बांधून आतून चालते. जमिनीतली ओल हा तिचा जीव.

आपल्या देवघराची चौकट तुला आठवते का? तू सातवीत होतीस. वरून तेलरंग कसा चकचकीत, एक चीर नाही. दिवा लावताना मी सहज आधाराला अंगठा टेकला आणि तो पापडात जावा तसा पेरभर आत गेला. रंगाचं साल तेवढं उभं होतं, आत नुसती ओलसर माती आणि लाकडाच्या दोरेदोरे राहिलेल्या शिरा. त्या मातीत तांदळाच्या कणीएवढे पांढुरके जीव पळत होते. चौकटीवर नखाने टकटक कर. भरीव आवाज आला तर बरं, पोकळ आला तर घरमालक काकांना त्याच दिवशी बोलावून दाखव.

त्या वेळी आम्ही चूक केली ती घाईची. औषध मारायला आलेल्या माणसांनी भिंतीच्या कडेने भोकं पाडली, पिंपभर औषध ओतलं, परसातल्या भिंतीलाही ओतलं, आणि विहीर वीस पावलांवर आहे हे त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. आपला जांभा चाळणीसारखा, पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली उतरतं. आठवड्याने पोहरा वर आला तो औषधाच्या वासासकट. वर्षभर आपण ते पाणी प्यायलो नाही, शेजारून कळश्या वाहिल्या. तुझ्या आजीने त्या विहिरीवर चाळीस वर्षं पाणी भरलं होतं. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

नंतर मी शोधून वाचलं. वाळवीच्या बंदोबस्तासाठी आयएस ६३१३ नावाचं भारतीय मानक आहे, त्याचा तिसरा भाग बांधून झालेल्या घरांसाठी. भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यात १२ मिलिमीटरची भोकं, एकमेकांपासून ३०० मिलिमीटरवर, म्हणजे साधारण फुटाफुटावर, आणि मोजून औषध. अंदाजाने पिंप ओतायचं नाही. काकांनी माणूस बोलावला तर औषधाची बाटली मागून घे, लेबल वाच, क्लोरपायरिफॉस आहे की इमिडाक्लोप्रिड ते विचार आणि विहीर आधी दाखव. विहिरीकडच्या बाजूला औषध ओतू द्यायचं नाही, पैसे परत मिळाले नाहीत तरी चालेल. भर पावसात तर कुठेच नाही. काम उघडीप पडल्यावर, आणि त्या दोन दिवसांत छकुलीला घेऊन तू इकडे ये.

तोवर तुझ्या हातातलं काम पुष्कळ आहे. तुझ्या पडवीत सरपण आणि नारळाची सोडणं भिंतीला लावून रचलेली पाहिली होती मी. तो वाळवीसाठी बांधलेला पूल आहे. सगळं भिंतीपासून हातभर लांब, दगडांवर फळ्या टाकून रच. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी साचत असेल तर चर काढून वाडीकडे वळव. मोरीचा नळ गळतो म्हणालीस, तो याच आठवड्यात दुरुस्त करून घे. पुस्तकांचे खोके जमिनीवर ठेवू नकोस. दिवाळीनंतर लाकूड पुरतं सुकलं, की चौकटींना आणि वाशांना डिंबेल लावू. काजूच्या टरफलाचं ते काळं तेल आपल्याकडे होड्यांनाही लावतात. अंगाला लागलं तर फोड येतात, तेव्हा ते काम माझ्यासमोरच करायचं.

वाळवीबद्दल माझ्या मनात राग नाही, हेही लिहिते. आपली सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. पावसाळ्यात रोवणावर, म्हणजे वारुळावर, जी अळंबी उगवते, जिच्यासाठी तू लहानपणी पहाटे उठून बसायचीस, ती वाळवीनेच वारुळात जोपासलेल्या बुरशीची. शेतात वाळवी सडका पालापाचोळा मातीत मिसळते. तिथे ती राहो. घराच्या लाकडापर्यंत मात्र तिला वाट सापडू द्यायची नाही.

झुरळांचं विचारलं होतंस. तुझ्याकडे दोन जाती दिसतात. मोठी तांबूस ती गटारातून येते. मोरीच्या भोकावर बारीक जाळी बसव आणि रात्री वर झाकण ठेव, निम्मी कमी होतील. कपाटामागे कुळथाच्या दाण्याहून थोडं मोठं, गडद तपकिरी, एका कडेला शिवण घातल्यासारखी दातेरी रेघ असलेलं काही चिकटलेलं दिसलं तर ती तिची अंड्यांची पिशवी, आत पंधराएक अंडी. झाडून केरात टाकू नकोस, चिरडून टाक. दुसरी लहान, पिवळट, मानेवर दोन काळ्या रेघा. खरा त्रास हिचा. ही तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत अंगावरच वागवते, म्हणून फवारा मारून ही संपत नाही, नुसती पांगते. हिला जेल, म्हणजे झुरळांसाठीचं विषारी आमिष. मुगाच्या दाण्याएवढे ठिपके गॅसमागे, फ्रिजच्या मागच्या बाजूला, कपाटांच्या बिजागऱ्यांत, बाळाचा हात पोचणार नाही तिथेच. खाऊन गेलेलं झुरळ बिळात मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. जेल लावलं की त्याच्या आसपास फवारा नाही, फिनेल नाही, नाहीतर ती तिकडे फिरकतच नाहीत. रात्रीची खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवायची सवय सोड. ते तुझ्या जेलपेक्षा चविष्ट लागतं त्यांना.

मुंग्यांची रांग आली तर रांगेवर साबणाचं पाणी फिरव, वाट पुसली जाते. दुधाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव, पण दर दोन दिवसांनी ते पाणी बदल.

तांदळात टोके झाले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. तांदूळ घरी आणला तेव्हाच ते आत होतं, महिन्याभराने बाहेर आलं. पावसाळ्यात दोन महिन्यांचा तांदूळ भरूच नकोस. थोडा आण, चार दिवस फ्रीझरमध्ये ठेव, मग कोरड्या घट्ट डब्यात भर. टोके झालेला तांदूळ पाखड आणि सावलीत पसर. कडक उन्हात दाणा तडकतो, भाताची कणी होते. शेजारीण धान्यात ठेवायला गोळ्या देईल, त्या अजिबात घेऊ नकोस. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतली ओल लागताच फॉस्फिन वायू सोडते, आणि त्या विषावर उतारा नाही. आपल्या पावसाळी हवेत ती नुसती उघडी पडली तरी घात होतो. कपड्यांत डांबरगोळ्याही नकोत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात. निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, वाळलेला पाला पाठवते, तो ठेव.

डासांसाठी पाळण्याला मच्छरदाणी दिवसाही लाव, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. तो स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरव आणि पिंप, फ्रिजमागचं ताट, अंगणातल्या करवंट्या सगळं रिकामं कर. पिंपाची कड आतून काथ्याने घास, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. विहिरीत गप्पी मासे सोड, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचार.

आता एक काम आजच कर. बॅटरी घेऊन चौकटीजवळ बस आणि त्या नळीचा बोटभर तुकडा मधूनच खरवडून काढ. वर-खाली भिंतीवर पेन्सिलीने खूण कर, तारीख लिही. औषध काही लावू नकोस. आत वाळवी जिवंत असेल तर दोन-चार दिवसांत ती तेवढी जागा ओल्या मातीने पुन्हा सांधेल. शनिवारी फोन करशील तेव्हा बाकी सगळं मागाहून, आधी तेवढंच सांग.

छकुलीला खूप खूप पापा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी
आई