पोट फुगल्यावर केवळ गॅसची गोळी नको : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस,
स. न. वि. वि.

सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत पोट फुगले की आधी हिंगाचा लेप, मग ओवा आणि शेवटी फार्मसीतून आणलेली गॅसची गोळी असा क्रम अजूनही चालतो, आणि बहुतेकांचे त्याने भागतेही. काळजी वाटते ती ज्यांचे भागत नाही त्यांची. आमच्या वाड्यावरच्या एका काकूंचे पोट टम्म फुगले होते, शौच सोडाच, वारासुद्धा सरत नव्हता आणि उलटी हिरवी पडू लागली होती, तरी पोट साफ व्हावे म्हणून घरच्यांनी त्यांना एरंडेल पाजले. आतडे अडलेले असताना रेचक देणे जिवावर बेतू शकते, हे त्या घराला कोणी कधी सांगितलेच नव्हते. बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात वेळेत शस्त्रक्रिया झाली, म्हणून त्या वाचल्या.

पोट फळीसारखे ताठ होणे, रक्ताची उलटी किंवा काळीकुट्ट चिकट शौच, लघवी तुंबणे, एरवी आत जाणारा हर्निया अडकून दुखू लागणे, गरोदरपणाच्या सुरुवातीला पोटात कळ येऊन भोवळ येणे, यांपैकी काहीही दिसले तर ओपीडीची वाट न पाहता 108 रुग्णवाहिका बोलवायला हवी.

हळूहळू वाढणारे पोट अधिक फसवे असते. हातपाय वाळलेले, पोट मात्र मोठे आणि नडगीवर अंगठा दाबला की खळगा राहतो, अशा जलोदराच्या, म्हणजे पोटात पाणी साठलेल्या रुग्णाचे यकृत बहुधा दारूने किंवा हिपॅटायटिसने निकामी होत आलेले असते. तो तापाने फणफणला वा असंबद्ध बोलू लागला की ‘प्यायलाय’ म्हणून त्याला निजवले जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण तेव्हा पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. ते पाणी सुईने काढून तपासावे लागते, आणि त्यात दर घनमिलिमीटरला 250 किंवा अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी आढळल्या तर प्रतिजैविके लगेच सुरू करावी लागतात. पन्नाशीनंतर स्त्रीचे पोट रोज फुगत असेल आणि दोन घासांत भरत असेल, तर अंडाशयाच्या कर्करोगाची शंका घेऊन सोनोग्राफी व्हावी.

ही लक्षणे मराठी आणि कोंकणीत लिहिलेला फलक प्रत्येक उपकेंद्रात व फार्मसीच्या काउंटरवर लावावा, आणि गोळी देण्यापूर्वी वारा सरतो का, उलटी कसली होते, ताप आहे का, एवढे तरी विचारण्याचे लेखी निर्देश आपल्या खात्याने पावसाळ्यापूर्वी काढावेत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सत्तरी तालुक्यातील एक नागरिक